टेबलावर आलेलं मशीन

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की झाडू मारायच्या आधी मी मेन बोर्डावरच्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबतो. खट्ट करून तो पडला पाहिजे. ३० मिलिअँपियरचा आहे. तेवढा करंट वाट सोडून कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की हा वीज तोडतो. शेजारचा एमसीबी ते काम करत नाही, त्याला वायरिंग जळण्याची काळजी, माणसाची नाही. पण बटण वर्षानुवर्षं कुणी दाबलंच नाही तर आरसीसीबीही अडकून बसू शकतो, म्हणून रोजचा हा नेम. दिवाबत्ती त्यानंतर.

दुकान भोसरीत, फॅब्रिकेशनच्या शेडांच्या ओळीत. हातात धरून चालवायची विजेची मशिनं दुरुस्त करायची, हा धंदा. ग्राइंडर सगळ्यात जास्त. त्याच्या मागोमाग ड्रिल, हॅमर, मार्बल कटर, रंधा मशीन, कधी जिगसॉ. गेली काही वर्षं बॅटरीवाली मंडळीही आली आहेत.

नऊ

साइट सुरू व्हायच्या आधी मशीन टाकून जायचं असतं, म्हणून नऊ ते साडेदहा काउंटरवर दाटी. प्रत्येकाला संध्याकाळी हवं असतं आणि प्रत्येकाचं निदान तयार असतं. "काका, आर्मेचर गेलंय, तेवढं बदला." मी हो म्हणतो आणि आधी मशीनचं अंग बघतो. पिन आहे का? बऱ्याचदा नसते. सोललेल्या दोन वायरी सॉकेटमध्ये खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. केबल जिथून मशीनमध्ये शिरते तिथलं रबर फाटलंय का? मशीन केबलला धरून उचललं, परांचीवरून खाली सोडलं की ते पहिलं फाटतं. साइड हँडल कुठं आहे? "साइटवर असेल." गार्ड?

अपघात होऊन गेलेलं मशीन माझ्याकडे क्वचित येतं. अपघात व्हायची तयारी करून बसलेली मात्र रोज येतात, आणि दुरुस्त करून घ्यायचं असतं ते भलतंच काहीतरी.

आज पहिला आला तो ग्रिल-गेट करणाऱ्या शेडमधला पोरगा. चार इंची ग्राइंडर, गार्ड गायब.

"गार्ड कुठाय रे?"

"तो अडतो काका."

अडतो, कारण चार इंची मशीनवर पाच इंची डिस्क चढवलेली असते. चार इंची मशीनची दांडी १६ मिलिमीटर भोकाच्या डिस्कसाठी, पाच इंचीचं भोक २२ मिलिमीटरचं. मध्ये बुश घालून बसवतात. मोठी डिस्क जास्त खोल कापते आणि जास्त दिवस पुरते, म्हणून. पोरगा हुशार, त्यानं मला डिस्कवरचा आकडाही दाखवला: मिनिटाला १२,२०० फेरे. मशीन फिरतं ११,००० नं. म्हणजे बसतं की! हिशेबात बसतं, हे खरं. पण गार्ड बसत नाही, आणि बुश केसभर हलला तर डिस्क मध्यावर राहत नाही. त्या वेगाला पाच इंची डिस्कच्या कडेचा तुकडा सेकंदाला सत्तरेक मीटर धावत असतो, ताशी अडीचशे किलोमीटर. डिस्क फुटली तर तुकडा त्याच वेगानं सुटतो, आणि ग्राइंडर धरणाऱ्याचा गळा आणि तोंड बहुतेक वेळा त्याच रेषेत असतं. गार्डचं काम तेवढंच आहे, तो तुकडा पलीकडं पाठवायचं. सात इंची डिस्क चढवणारे महाभागही आहेत. तिच्यावर ८,५०० लिहिलेलं असतं. तिथं तर हिशेबसुद्धा बसत नाही.

पोरगा म्हणाला, "सगळे असंच वापरतात."

खरं आहे त्याचं. म्हणून तर मी ओरडत नाही. गार्ड बसवूनच मशीन मिळेल, एवढं सांगून पावती फाडली.

साडेदहा

गर्दी ओसरली की टेबल. पहिल्यांदा सिरीजचा बल्ब: एक टोक मशीनच्या पिनला, दुसरं गिअरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्याला. बल्ब लागला तर बॉडीत करंट येतोय. नाही लागला तरी मी त्यावर विसंबत नाही, इन्सुलेशन मोजायचा ५०० व्होल्टचा मेगर लावतो. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली मशिनं बल्बला गप्प बसतात आणि मेगरला पकडली जातात.

त्या पोराचं ग्राइंडर उघडलं. मागचं झाकण काढताच काळा कीस टेबलावर सांडला. ग्राइंडरचा पंखा मागच्या झरोक्यांतून हवा ओढतो आणि मोटरवरून पुढं सोडतो; त्या हवेबरोबर लोखंडाचा कीसही येतो, वाइंडिंगवर बसतो, वार्निश खरवडतो. आठवड्यातून एकदा पिन काढून, डोळ्यावर गॉगल लावून, कॉम्प्रेसरची हवा बेतानं झरोक्यांतून मारली तर हे सगळं बाहेर पडतं. पण ते काम कुणाचं, हे शेडमध्ये ठरलेलं नसतं. खंडेनवमीला मशिनं पुसतात, झेंडू घालतात, हळदकुंकू वाहतात. मला ते आवडतं. फक्त ते वर्षातून एकदाच होतं.

कार्बन काढले. कार्बन म्हणजे मोटरच्या तांब्याच्या फिरत्या गोलाला, कॉम्युटेटरला, करंट पोहोचवणाऱ्या दोन वड्या, मागून स्प्रिंगनं दाबलेल्या. त्या झिजतात, झिजण्यासाठीच असतात. नवीन कार्बन साधारण दीडेक सेंटिमीटर लांब. पाच-सहा मिलिमीटरवर आला की जोडीनं बदलायचा, एकटा नाही. हे इथं पार संपले होते. स्प्रिंगचं टोक तांब्याला घासत होतं, आणि कॉम्युटेटरवर नागमोडी चर पडले होते.

चांगला कॉम्युटेटर कसा दिसतो, ते एकदा बघून ठेवावं. तांब्याच्या पट्ट्या एकसारख्या चॉकलेटी झालेल्या, गुळगुळीत, मध्ये अभ्रकाच्या बारीक रेषा तांब्यापेक्षा जराशा खाली. चालू मशीनमध्ये झरोक्यातून बघितलं तर कार्बनखाली निळसर बारीक ठिणग्या दिसतात, त्या चालतात. पिवळी ठिणगी गोलाभोवती पूर्ण फिरायला लागली, आगीचं कडं दिसलं, की मशीन तिथंच बंद करायचं. या पोरानं ते कडं नक्की पाहिलं असणार. काम अर्धं राहिलं होतं म्हणून ओढलं असेल.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, तपासायच्या ग्रोलरवर ठेवलं. तो गुरगुरतो, वरून हॅक्सॉचं जुनं पातं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. आत जिथं शॉर्ट असेल त्या खाचेवर पातं थडथडायला लागतं. थडथडलं. म्हणजे पोराचं निदान बरोबर, आर्मेचर गेलंच होतं. कार्बनची जोडी दोन वडापाव आणि चहाच्या पैशात येते. आर्मेचर नव्या मशीनच्या किमतीचा मोठा घास घेतं.

गिअरच्या डोक्यात दुसरी एक भेट होती. डिस्क बदलताना दांडी अडवायला जे बटण असतं, त्याची पिन वाकलेली. मशीन बंद केल्यावर डिस्क थांबायची वाट न बघता बटण दाबलं की हे होतं. डिस्क बदलताना सॉकेटमधून पिन काढायची, ही गोष्ट तर मी सांगून सांगून थकलोय. उत्तर ठरलेलं: "बंदच केलंय की."

बारा

हॅमर. दोन हजार वॅटचा ब्रेकर, प्लंबिंगच्या ठेकेदाराचा, आर्मेचर दुसऱ्यांदा जळलेलं. "कंपनीचं मशीनच खराब," ठेकेदार म्हणाले. मी त्यांना म्हटलं, साहेब, एक्स्टेन्शन आणा.

आणलं. पन्नास मीटर, पंख्याला लावायची असते तसली १ चौरस मिलिमीटरची वायर, सगळी चक्रीवर गुंडाळलेली. हा ब्रेकर साधारण ९ अँपियर खातो. एवढ्या लांब, एवढ्या बारीक तांब्यातून जाता-येता सोळाएक व्होल्ट वाटेतच पडतात. अडीचच्या वायरीत सहा-सात. साइटवर मुळात व्होल्टेज कमी, त्यात हे. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, मोटर मंदावली की तिच्याच दांडीवरचा पंखा मंदावतो, आणि कारागीर म्हणतो मशीन मारत नाही, म्हणून वरून अंगाचा भार टाकतो. करंट वाढतो, वारा घटतो. जळणारच. शिवाय चक्रीवर गुंडाळलेली वायर स्वतः तापते. जड काम असेल तर ती पूर्ण उलगडायची.

जोराचं काम झाल्यावर मशीन लगेच बंद करू नये, मिनिटभर रिकामं फिरू द्यावं, म्हणजे पंखा आतली ऊब बाहेर काढतो. हॅमरवर छातीनं रेटायचं नसतं, ठोकण्याचं काम आतला पिस्टन करतो. ठोका कमी झाला असेल तर पिस्टनची रबरी रिंग गेलेली असते किंवा ग्रीस सुकलेलं, आणि ते काम माझं आहे, तुमच्या खांद्याचं नाही. छिन्नीच्या मागच्या टोकाला बोटभर ग्रीस लावून मगच ती घालायची. हे दोन सेकंदांचं काम कुणी करत नाही.

ठेकेदारांच्या माणसानं हात पुढं करून दाखवला. ड्रिल मारताना बीट सळईत अडकला, मशीन उलटं फिरलं, मनगट सुजलेलं. साइड हँडल? "काढून ठेवलंय, अडचण होते." मोठ्या ड्रिलचा पीळ एका मनगटाच्या आवाक्यातला नसतो. त्या आडव्या दांडीसाठीच दुसरा हात असतो.

दीड

डबा. मेथीची भाजी, भाकरी. शेजारच्या शेडमधला एकजण लाल डोळा घेऊन आला, माझ्याकडे भिंग असतं म्हणून. भिंगातून बुबुळावर काळा ठिपका दिसला. रुमालाच्या टोकानं काढायला बसलेल्या त्याच्या दोस्ताला हाकलला आणि रिक्षानं डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की काही तासांत त्याभोवती गंज धरतो, मग तो गंजही खरवडून काढावा लागतो. त्याच्याकडे चष्मा होता. नंबरचा. बाजूनं उघडा.

अडीच

बॅटरीचं काम थोडक्यात सांगतो. बाजारात १८ व्होल्ट, २० व्होल्ट, २१ व्होल्ट म्हणून विकतात ते बहुधा एकच असतं: लिथियमचे पाच सेल एकापुढं एक. साध्या अवस्थेत सेलचे ३.६ धरले तर १८, पूर्ण चार्जचे ४.२ धरले तर २१. ४८ नि ८८ छापलेलेही येतात. खोलून बघितलं तर आत पुन्हा पाचच. पडलेला, फुगलेला, पाण्यात गेलेला पॅक मी उघडून जोडून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. आणि बीट बदलताना बॅटरी काढायची. वायर नाही म्हणजे वीज नाही, अशी एक समजूत पसरलीय.

साडेतीन

दुपारची पेंग येत असताना एक आजोबा आले. पिशवीतून जड ॲल्युमिनियमचं ड्रिल काढलं. वुल्फ! मुलुंडच्या राली वुल्फच्या कारखान्याचं. माझे हात शिवशिवले. आपल्याकडच्या वर्कशॉपांच्या एका पिढीनं याच ड्रिलावर काम केलं. नंतर शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची मशिनं आली, म्हणजे या धंद्यात महाराष्ट्र काही नवखा नाही. हातात धरायचं विजेचं ड्रिल पहिल्यांदा केलं जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं, १८९५ साली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका यांचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. तेव्हापासून आकार फारसा बदललेला नाही.

आजोबांचं ड्रिल चालत होतं, फक्त "कधीकधी मुंग्या येतात" म्हणाले. मुंग्या! केबल बघितली. तिसरी, अर्थिंगची तार कापून दोन पिनांचा प्लग लावला होता, नातवाच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून. आताच्या प्लास्टिकच्या मशीनवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं. त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून दोन तारा चालतात. धातूच्या अंगाच्या जुन्या मशीनला ते नाही. त्याचा सगळा भरवसा त्या तिसऱ्या तारेवर.

"आजोबा, हे माझ्याकडे राहू द्या. तीन तारांची केबल, तीन पिनांचा प्लग आणि वाइंडिंग तपासून देतो."

"माझ्या लग्नाच्या आधीचं आहे," आजोबा म्हणाले. त्यात अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

पाच

आता सुतार येतात. बहुतेक राजस्थानचे, वर्षानुवर्षं पुण्यात. मराठी आपल्याइतकंच बोलतात. यांचं हत्यार म्हणजे मार्बल कटर. दगड कापायला केलेलं मशीन, त्यावर चार इंची दातेरी पातं चढवून प्लाय कापायचा. स्वस्त, हलकं, एका हातात मावतं. पुण्यातलं निम्मं फर्निचर या उसन्या हत्यारानं झालंय म्हटलं तरी चालेल, आणि कामाची सफाई बघून मीही थक्क होतो.

पण दगडाच्या मशीनला लाकडाच्या मशीनसारखं आपोआप मिटणारं खालचं झाकण नसतं. लाकडाच्या करवतीचं मशीन उचललं की स्प्रिंगनं झाकण पात्यावर येतं. कटर उचललं तर मिनिटाला बाराएक हजार फेऱ्यांचं पातं उघडंच, खटका सोडल्यावरही काही क्षण फिरत. ते मांडीवर टेकवलेले मिस्त्री मला माहीत आहेत. यांतले एक आज आले, कटरचा खटका बदलायला. खटका जळला नव्हता, दाबून तारेनं बांधून ठेवल्यामुळं वितळला होता.

"मिस्त्री, टेबल केलं होतं ना?"

हसले. प्लायला खाच पाडून कटर उलटं खालून आवळायचं, पातं वर काढायचं, खटका बांधून टाकायचा आणि चालू-बंद सॉकेटच्या बटणावर. आता लाइट जाते, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. मिस्त्री वैतागून चहाला जातात, सॉकेटचं बटण चालूच. लाइट येते तेव्हा टेबलापाशी भुसा झाडायला दुसराच पोरगा असतो. हाच प्रकार ग्राइंडरच्या अडकवून ठेवायच्या खटक्याचा: लाइट गेली की मशीन खाली ठेवतात, लाइट आली की ते फरशीवर नाचायला लागतं. लाइट गेल्या क्षणी खटका सोडायचा आणि पिन काढायची. नव्या काही मशिनांत आपोआप सुरू न होण्याची सोय असते. पण साइटवरची निम्मी मशिनं जुनी.

मिस्त्रींना मी टेबल करू नका म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ऐकलं नसतं. खटका बांधू नका आणि पायानं तोडता येईल असं बटण लावा, एवढं सांगितलं, आणि उलगडून दाखवलं की हातात धरून कापताना मशीन उसळतं कसं. प्लाय दोन्ही टोकांना टेकवून मधून कापला तर कापता कापता मध्ये झुकतो, चीर मिटते, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन मागं फेकलं जातं, थेट कापणाऱ्याच्या अंगावर. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, पातं प्लायच्या जाडीपेक्षा थोडंसंच खाली काढायचं, आणि स्वतः त्या रेषेत उभं राहायचं नाही. मान डोलावली.

मग हळूच विचारलं, ग्राइंडरला बसेल असं लाकडाचं पातं आहे का? नाही. ठेवत नाही. ग्राइंडरवर दातेरी पातं चढवू नका असं मशीनबरोबरच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. ते दात लावून लाकडात शिरतं आणि एका हातात थांबत नाही. समोरच्या दुकानात मिळतं, हे मला ठाऊक आहे, मिस्त्रींनाही.

मार्बल कटर खऱ्या दगडावर चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. ग्रॅनाइट कोरडं कापलं की जो पांढरा धूर उठतो त्यातली सिलिका फुप्फुसात बसते, ती निघत नाही. सिलिकोसिस हा कायद्यानं नोंद करायलाच हवी अशा आजारांच्या यादीत आहे. पाण्याची धार सोडून कापलं तर धूळ जागेवर बसते. पाणी म्हटल्यावर आरसीसीबी आलाच. नाकाला रुमाल बांधून सिलिका अडत नाही.

सात

माल न्यायची वेळ. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन काउंटरवर देण्याआधी मेगरला लागतं. ७ मेगोहमच्या खाली आलं तर ते आज जात नाही, ही माझी अट. मग गार्ड, साइड हँडल, डिस्क. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं. तिला धरून ठेवणारा राळेचा चिकटा जुना झाला, ओल लागली की कमजोर होतो. औषधाची तारीख बघतो तशी ही बघायची. पडलेली डिस्क दिसायला धड असली तरी फेकायची. आणि कापायची पातळ डिस्क आडवी धरून घासायला वापरायची नाही; त्यासाठी जाड वेगळी येते. नवीन डिस्क बसवली की मिनिटभर रिकामी फिरवायची, कुणाच्या दिशेला तोंड न करता.

सकाळचा पोरगा आला. मी गार्ड बसवलेलं ग्राइंडर फिरवून दाखवलं, चार इंची डिस्क लावून. वजन हातात तोलून म्हणाला, "आवाज बदलला." बेअरिंगही बदललं होतं. मग सैल बाह्या दुमडायला सांगितल्या, गळ्यातली साखळी शर्टच्या आत. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालत जाऊ नको, बीट धागा पकडतो आणि बोट ओढतो, हेही सांगितलं. उद्या गार्ड काढून ठेवील का? ठेवीलही. त्याचा मालक डिस्क मोजून देतो, आणि मोठी डिस्क जास्त पुरते. हे गणित पोराचं नाही, मालकाचं आहे. म्हणून पावतीवर मालकाच्या नावानं दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्याच सहीनं पैसे मागवले.

साडेआठ

मेन बंद. चार्जिंगला लावलेले पॅक काढून ठेवले. रिकाम्या दुकानात रात्रभर काही चार्ज होत ठेवायचं नाही.

तुमच्या घरी फर्निचरचं किंवा फरशीचं काम निघालं असेल तर मिस्त्री यायच्या आधी तीन गोष्टी करा. अर्थिंग असलेला १६ अँपियरचा पॉइंट मोकळा करून द्या, मीटरपाशी आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून बसवून घ्या, आणि ज्याच्या मशीनला गार्ड नाही त्याला तो बसवून आणायला अर्धा दिवस द्या. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नका.